मोफत पुस्तकाची निगा

फेब्रुवारी २०२१. महाविद्यालयं अर्ध्या उपस्थितीने उघडली होती आणि प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकाची तयारी मी नेहमीसारखी केली होती. चार दिवस आधी कांदे पाण्याच्या पेल्यांवर बसवले होते, त्यांना पांढरी मुळं फुटली होती, ॲसिटोकार्माइनची बाटली काढून ठेवली होती. मुळाचं टोक ठेचून स्लाइड करायच्या आधी मुलांना पेशीविभाजनाचं एक ॲनिमेशन दाखवायचं, ही माझी बऱ्याच वर्षांची रीत. एका परदेशी विद्यापीठाने ते सगळ्यांसाठी मोफत ठेवलं होतं. गुणसूत्रं मध्यावर येऊन रांगेत लागतात, तर्कूचे तंतू ताणले जातात, प्रत्येक गुणसूत्राचे दोन धागे विलग होतात, एक या टोकाला जातो, दुसरा त्या. हे एकदा डोळ्यांखालून गेलं की सूक्ष्मदर्शकातल्या लालसर ठिपक्यांच्या गर्दीत काय शोधायचं ते मुलांना कळतं. त्या दिवशी पडद्यावर एक करडा चौकोन आला आणि तसाच राहिला.

कारण साधं होतं. ते ॲनिमेशन फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं होतं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारीपासून ते चालणंच बंद झालं. तीन वर्षं आधी तशी सूचना दिलेली होती. ज्या संस्थांकडे माणसं होती त्यांनी आपली साधनं नव्या साच्यात उतरवून घेतली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची तशीच राहिली. जीवशास्त्रात अशी ॲनिमेशन्स फार होती, कारण आमच्या विषयात जे शिकवायचं ते हलत असतं: रक्त, पेशी, विकरं, परागनलिका. त्या साधनाला कोणी किंमत लावली नव्हती, कोणी कुलूपही घातलं नव्हतं. त्याच्याकडे बघायला कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. पदवीच्या जीवशास्त्रासाठी जगभर इतकी मुक्त साधनं तयार झाली, त्यांतली टिकली कोणती, गेली कोणती, आणि का? गेली काही वर्षं जमेल तसं वाचत आलो. एक गोष्ट आता मला स्वच्छ दिसते. साधनं तयार करायला पैसा मिळतो, कारण उद्घाटन करता येतं. ती नीट राखायला मिळत नाही. आणि जीवशास्त्र हा असा विषय आहे की राखलं नाही तर दहा वर्षांत चुकीचं शिकवू लागतो.

आधी शब्दाबद्दल थोडं. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हा शब्दप्रयोग २००२ मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीतून रूढ झाला. मोफत आणि मुक्त यांत अंतर आहे. मोफत म्हणजे आज पैसे न देता बघता येतं. मुक्त म्हणजे परवान्यानेच तशी मोकळीक दिलेली असते. डेव्हिड वाइली या अमेरिकी अभ्यासकाने ती मोकळीक पाच मुभांत मांडली: स्वतःजवळ ठेवण्याची, वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्यात मिसळण्याची आणि पुढे वाटण्याची. यांतली ‘स्वतःजवळ ठेवण्याची’ मुभा त्याने २०१४ मध्ये जोडली. आधी ती गृहीतच धरलेली होती. ती मुद्दाम लिहावी लागली यातच मधल्या काळाचा अनुभव आला. माझं ॲनिमेशन मोफत होतं, मुक्त नव्हतं. त्याची मूळ फाइल माझ्याकडे असती आणि बदलायची परवानगी असती, तर संगणकशास्त्र विभागातल्या एखाद्या मुलाने ते मे महिन्याच्या सुट्टीत नव्या साच्यात आणलं असतं.

आता विषयाबद्दल. गणिताचं मुक्त पुस्तक वीस वर्षं न बदलता चालतं. कलनशास्त्राचे नियम बदलत नाहीत. आमच्याकडे बाभळीचं नाव बदललं. ‘अकेशिया’ या नावाचा मूळ नमुना ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे द्यायचा, असा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेने तो कायम केला. आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली, खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला. कांदा-लसूण लिलिएसी कुलातून ॲमरिलिडेसीत गेले. रुईचं जुनं कुल अपोसायनेसीत सामावलं. व्हिटेकरच्या १९६९ च्या पाच सृष्टींवर १९९० मध्ये वोसची तीन अधिक्षेत्रं आली. मानवी जनुकसंच २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, पण वाय गुणसूत्र सोडून बाकी सगळा एकही फट न ठेवता वाचून झाला २०२२ मध्ये. क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राला २०२० चं नोबेल मिळालं. प्रथिनांच्या घड्या संगणकाने ओळखणं हा विषय २०२१ नंतर सगळाच नव्याने लिहावा लागला. आमच्या हर्बेरियममधल्या कागदांवर जुन्या नावाखाली पेन्सिलीने नवं नाव लिहिलेलं असतं. ते लिहिणारी व्यक्ती दरवर्षी असते म्हणून तो संग्रह जिवंत आहे.

जगाचा अनुभव पाहायचा तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते, कारण पैसा तिथे ओतला गेला. एमआयटीने २००१ मध्ये आपले सगळे अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा केली. ह्युलेट आणि मेलन या प्रतिष्ठानांनी पैसा दिला. ते साधन आजही चालू आहे, कारण मागे श्रीमंत विद्यापीठ आहे आणि देणगीदार आहेत. पण त्याच वाटेने निघालेल्या युटा स्टेट विद्यापीठाचा मुक्त अभ्यासक्रम विभाग २००९ मध्ये पैशाअभावी बंद झाला. मला हे उदाहरण विशेष बोचतं, कारण वाइली त्याच विद्यापीठात होते आणि २००६ मध्ये त्यांनी मुक्त साधनं टिकवण्याच्या वाटांवर जे लेखन केलं त्यात युटा स्टेट हे एक अभ्यासाचं उदाहरण होतं. प्रश्न कळणं आणि पगाराची तरतूद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या साधनांसाठी जोरम नावाचा सामाईक साठा होता, तो २०१६ मध्ये बंद झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने, म्हणजे एनएसएफने, २००० च्या सुमारास विज्ञानशिक्षणासाठी एक राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभं केलं. दशकभराने त्याचा पैसा आटला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लॅट वर्ल्ड या कंपनीने पाठ्यपुस्तकं पडद्यावर वाचायला मोफत आणि छापील प्रत विकत, असा मार्ग धरला. १ जानेवारी २०१३ पासून मोफत वाचन बंद केलं. मात्र तोवरच्या पुस्तकांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना होता, त्यामुळे इतरांनी त्या प्रती जपून ठेवल्या. त्या आजही सापडतात. मी त्यांतल्या एक-दोन चाळल्या. त्या जिथल्या तिथे थांबल्या आहेत. परवान्यामुळे प्रत वाचते. तिच्यात पुढचं काही लिहायला माणूस लागतो.

या सगळ्या कहाणीत मला सर्वात जास्त शिकवलं ते ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या दोन प्रयोगांनी. तिथले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड बारानिउक यांनी १९९९ मध्ये ‘कनेक्शन्स’ सुरू केलं. कल्पना सुंदर होती. ज्ञान छोट्या छोट्या तुकड्यांत लिहायचं, कोणीही लिहायचं, कोणीही ते जोडून आपल्या वर्गापुरतं पुस्तक करायचं. हजारो तुकडे जमले. पण वर्गात शिकवणाऱ्याला हवं असतं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका सुरात लिहिलेलं, तपासलेलं पुस्तक. तुकड्यांत सूर वेगळे होते, दर्जा वेगळा होता, आणि चूक सापडली तर सांगायचं कोणाला हे ठरलेलं नव्हतं. २०१२ मध्ये त्याच गटाने ‘ओपनस्टॅक्स’ काढलं. ज्या विषयांना सर्वात जास्त विद्यार्थी असतात तेवढेच विषय घ्यायचे, पैसे देऊन लिहून घ्यायचं, इतर प्राध्यापकांकडून तपासून घ्यायचं. ‘बायॉलॉजी’ २०१३ मध्ये आलं, त्याची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये. ‘मायक्रोबायॉलॉजी’ २०१६ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीच्या साथीने. आमच्या विभागात आजही कोणी विचारलं की प्रथम वर्षाला पायाभूत काय वाचू, तर मी हीच पुस्तकं उतरवून घ्यायला सांगतो.

यात एक बारीक सोय आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. चूक सापडली तर कळवायची जागा. कुठल्याही देशातल्या शिक्षकाने ‘अमुक प्रकरणातल्या आकृतीत बाण उलटा आहे’ असं कळवलं की ते तपासलं जातं, बरोबर असेल तर दुरुस्त होतं, आणि काय दुरुस्त झालं त्याची यादी सगळ्यांना दिसते. ही सोय चालवायला पगारी संपादक लागतात. त्यांचा पगार प्रतिष्ठानांच्या देणग्यांतून येतो, छापील प्रतींतून थोडा येतो, आणि त्या पुस्तकांवर आधारलेली गृहपाठाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपल्या मिळकतीतला वाटा देतात त्यातून येतो. कोणाला ही तडजोड वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते. पुस्तक मोफत राहिलं, ते राखणाऱ्याला दरमहा पैसे मिळाले. कनेक्शन्सचा मूळ साठा मात्र २०२२ मध्ये बंद झाला. त्यातलं साहित्य इंटरनेट आर्काइव्हमध्ये जपून ठेवलं आहे. एका घरातल्या दोन भावंडांपैकी ज्याच्या नावावर राखणारा नेमलेला होता ते तगलं.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी स्वतः केलेले प्रयत्न याहून वेगळ्या जातीचे आहेत. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट महाविद्यालयात जॉन जंक यांनी १९८६ मध्ये बायोक्वेस्ट सुरू केलं. विद्यार्थ्याने प्रश्न स्वतः घालावा, स्वतः सोडवावा आणि मग सोबत्यांना पटवून द्यावा, हे त्याचं सूत्र होतं. संगणकावरची जनुकशास्त्राची कोडी त्यांनी तेव्हापासून वाटली. २०१४ मध्ये एनएसएफच्या अनुदानातून त्याच परंपरेत क्यूब्स उभं राहिलं, आकडेवारी आणि गणित वापरून जीवशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी. इथे एक फार शहाणी पद्धत आहे. दहा-पंधरा शिक्षक एका सत्रासाठी एकत्र येतात, दुसऱ्या कोणीतरी केलेला एखादा पाठ घेतात, आपापल्या वर्गात वापरतात, जिथे अडलं तिथे बदलतात आणि बदललेला पाठ मूळ पाठाशी नातं दाखवून परत ठेवतात. म्हणजे वापर हीच दुरुस्ती होते. वापरणारा आणि राखणारा वेगळे उरत नाहीत. २०१४ मध्येच सुरू झालेलं ‘कोर्ससोर्स’ हे नियतकालिक पदवी-जीवशास्त्राचा पाठ शोधनिबंधासारखा तपासून छापतं. त्यामुळे शिक्षकाच्या नावावर प्रकाशन लागतं.

तरीही हा सगळा डोलारा अनुदानावर उभा होता. अनुदान तीन वर्षांचं, पाच वर्षांचं असतं. तिकडच्या शिक्षकांना हे कळत नव्हतं असं नाही. पदवी-जीवशास्त्राची मुक्त साधनं टिकणार कशी, याच एका प्रश्नावर त्यांनी स्कोर नावाचं जाळं बांधलं, पुढे त्यातून रिओस ही संस्था झाली. मग २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत एनएसएफने आधी मंजूर केलेली हजारांहून अधिक अनुदानं मध्येच थांबवली आणि विज्ञानशिक्षणाच्या विभागाला त्याचा मोठा फटका बसला. सरकारी पैसा खात्रीचा, ही समजूत तिथे एका वसंत ऋतूत मोडली.

ज्या साधनांना संशोधनाचा खांब मिळाला ती जास्त पक्की निघाली. प्रथिनांच्या रचनांची बँक १९७१ पासून चालू आहे. तिच्याशिवाय औषधसंशोधन अडेल, त्यामुळे ती बंद पडू देणं कोणालाच परवडत नाही. तिच्या आश्रयाने शिक्षणाचं एक दालन चालतं. डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० पासून तिथे दर महिन्याला एक रेणू समजावून सांगितला. हिमोग्लोबिन शिकवताना त्यांचं चित्र दाखवलं की वर्ग गप्प होतो. एका माणसाचा हात इतकी वर्षं एका कामावर राहिला की काय होतं ते तिथे दिसतं.

पण हा खांबही दरवेळी पुरत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वनस्पतिशास्त्राच्या विभागात थिओडोर कुक यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे ते प्राचार्य होते आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मी विद्यार्थी असताना त्याची एक प्रत कपाटात कुलपाखाली असे आणि ती हातात घ्यायला सरांची परवानगी लागे. आज तो ग्रंथ माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये आहे, कारण जगातल्या ग्रंथालयांनी मिळून २००६ पासून बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी चालवली. २०२५ मध्ये स्मिथसोनियनने या कामाचं यजमानपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्या ग्रंथालयाला नवा आधार शोधायला निघावं लागलं. आमच्या सह्याद्रीतल्या झाडांच्या नोंदी वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेच्या अंदाजपत्रकावर अवलंबून होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी त्याच आठवड्यात कुकचे सगळे भाग विभागाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले.

मुक्त पुस्तकांनी मुलं चांगली शिकतात का, हा प्रश्न तिकडे बराच अभ्यासला गेला. त्यावर फार थांबण्याचं कारण नाही. जॉन हिल्टन यांनी २०१६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा मुक्त पुस्तक वापरणारी मुलं सहसा इतरांइतकीच किंवा थोडी चांगली कामगिरी करतात, असं दिसलं. जॉर्जिया विद्यापीठात २१,८२२ विद्यार्थ्यांच्या नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवशास्त्राचेही वर्ग होते. तिथे ओपनस्टॅक्सची पुस्तकं आल्यावर गुण सुधारले, नापास होणारे आणि अर्ध्यात सोडणारे कमी झाले, आणि गरीब व अर्धवेळ शिकणाऱ्या मुलांना फायदा जास्त झाला. ज्या देशात जीवशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक दोनशे डॉलरच्या घरात जातं, तिथे हे होणारच.

आपल्याकडे किमतीचं गणित निराळं आहे. माझ्या वर्गातली मुलं दोनशे डॉलरचं पुस्तक कधीच घेत नव्हती. ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम छापलेलं स्थानिक प्रकाशकाचं पातळ पुस्तक घेतात, किंवा मागच्या वर्षीच्या मुलीच्या नोट्सची झेरॉक्स. त्या पातळ पुस्तकाबद्दल आम्ही प्राध्यापक नाक मुरडतो. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अभ्यासक्रम बदलला की सहा-आठ आठवड्यांत नवी आवृत्ती बाजारात असते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, श्रेयांकांची मांडणी बदलली, विषयांची नावं बदलली. तेव्हा सर्वात आधी जुळवून घेतलं ते या पुस्तकांनी. त्यांची निगा राखण्यात कोणाचा तरी व्यवसाय आहे. सरकारी साठ्यांमधले पाठ मात्र जुन्या अभ्यासक्रमाच्या नावांखालीच शोधावे लागत होते.

साठे आपल्याकडे कमी नाहीत. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पाठ तयार करणाऱ्या केंद्रांमध्ये पुण्याचं केंद्र होतं. पुढे १९९३ मध्ये या केंद्रांची सामाईक संस्था, सीईसी, झाली. आयआयटींनी २००३ मध्ये एनपीटेल सुरू केलं. पदव्युत्तरसाठी ई-पीजी पाठशाला आली. शाळांसाठी एनसीईआरटीचा साठा २०१३ मध्ये आला, तो उघडपणे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली. जुलै २०१७ मध्ये स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ आलं. एनपीटेलने २०१४ पासून एक बरा तोडगा काढला. शिकणं मोफत, पण प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क. त्या शुल्काने काम चालू राहायला हातभार लागतो. पण एनपीटेलचा कल अभियांत्रिकीकडे आणि पातळी वरची. तालुक्याच्या गावी बीएस्सीला आलेल्या मुलीला ते झेपेपर्यंत सत्र संपतं.

आणि इथे मला जे सर्वात जास्त खटकतं ते सांगतो. प्राध्यापकाच्या पदोन्नतीसाठी आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत गुणांचा तक्ता आहे. चार चतुर्थांशांचा चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला तर २० गुण. संपूर्ण अभ्यासक्रमाचं ई-साहित्य केलं तर १२. एका घटकाचं केलं तर ५. संपादन केलं तर १०. तक्ता चांगलाच आहे. शिकवण्याचं साहित्य करणं हे विद्वत्तेचं काम मानलं गेलं ही मोठी गोष्ट झाली. पण त्यात दुसऱ्याने केलेल्या साहित्याची दुरुस्ती केली, ते नव्या अभ्यासक्रमाशी जुळवलं, त्यातली बंद पडलेली ॲनिमेशन्स चालू केली, जुनी नावं बदलली, यासाठी ओळ नाही. मग कोण करील? तरुण प्राध्यापक विचारतो, जुनं नीट करू की नवं करू? नवं केलं तर गुण मिळतात. म्हणून प्रकाशसंश्लेषणावर नवे पन्नास व्हिडिओ होतात आणि जुन्यांपैकी एकही दुरुस्त होत नाही. त्या तक्त्यात एक ओळ वाढवायला पैसा लागत नाही. माझं सगळं म्हणणं एका मागणीत मावायचं असेल तर ती ही ओळ.

दुसरी अडचण माणसांची. अनेक विभागांत पक्क्या जागा रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, तासाचे पैसे घेतात, पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या गावी असतात. त्यांच्यात फार हुशार मुलं-मुली मी पाहिली आहेत. अशाच एका मुलीने आमच्याकडे झुरळाच्या पचनसंस्थेचं इतकं सुरेख काम केलं होतं. २०११ मध्ये आयोगाने विच्छेदन कमी करायला सांगितलं, २०१४ मध्ये ते बंदच झालं, तेव्हापासून चांगल्या पर्यायी साधनाची आम्हाला गरज होती. तिने छायाचित्रांचे थर करून ती पोकळी भरली. वर्ष संपलं, ती गेली, तिच्या लॅपटॉपबरोबर मूळ फाइली गेल्या. आमच्याकडे राहिली एक पीडीएफ. तिच्यात काही बदलता येत नाही. ही चूक आमची, विभागाची. जाताना तिच्याकडून फाइली आणि लेखी परवाना घेणं आम्हाला सुचलं नाही.

मराठीचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. आपल्याकडे बीएस्सीचं माध्यम इंग्रजी, पण वर्गातलं समजावणं बहुतेक ठिकाणी मराठीत. मुलं डोक्यात मराठीत समजून घेतात आणि कागदावर इंग्रजीत उतरवतात. या मधल्या जागेसाठी साधनं फार थोडी आहेत. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणते आहे. भाषा संचालनालयाचे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे परिभाषा कोश आहेत. वाईहून सुरू झालेला मराठी विश्वकोश आता सर्वांना मोफत वाचता येतो, आणि त्यातल्या वनस्पतींच्या नोंदी मी आजही वर्गात वापरतो. हल्ली यंत्राने भाषांतर करून पाठ्यपुस्तकं भारतीय भाषांत आणण्याची मोठी धावपळ चालू आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण एक शब्द घेऊन बघा. मराठी परिभाषेत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. हिंदीच्या रोजच्या वापरात ‘प्रजाति’ म्हणजे सहसा स्पीशीज. वर्तमानपत्रांत हिंदी अर्थ शिरला आहे, यंत्राने तोच उचलला, आणि आता ‘बाभळीची प्रजाती’ म्हटल्यावर मुलगा कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्याला कळत नाही. वर्गीकरण म्हणजे पायऱ्याच. ऊतीचं ‘ऊतक’ झालं आणि पेशीची ‘कोशिका’ झाली तर निदान परका शब्द आहे हे जाणवतं. ‘प्रजाती’ ओळखीचा शब्द आहे आणि चुकीचा अर्थ देतो. हे पकडायला विषय आणि भाषा दोन्ही येणारा माणूस लागतो, आणि पुस्तक छापून झाल्यावरही तो जागेवर असावा लागतो.

असा माणूस कोणाच्या पगारपत्रकावर असावा? माझं उत्तर अभ्यास मंडळ. विद्यापीठाचं जे मंडळ अभ्यासक्रम बदलतं, त्याच्याच नावावर त्या अभ्यासक्रमाचं मुक्त साहित्य असावं. अभ्यासक्रमात एक घटक वाढवला की साहित्यात त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे, आणि ती भरेपर्यंत मंडळाने गप्प बसू नये. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचं ओपनलर्न २००६ पासून टिकलं. ते साहित्य त्या विद्यापीठाच्या रोजच्या शिकवण्यातूनच येतं आणि तेच वाचून पुढे प्रवेश घेणारे विद्यार्थीही असतात. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तकं करत आलं आहे. ती रीत तिथे मुरलेली आहे. पारंपरिक विद्यापीठांनी तिकडून शिकायला हरकत नसावी.

जीवशास्त्रज्ञांना निगा शिकवावी लागत नाही, म्हणून मला या प्रश्नात आशा वाटते. फळमाशीचं उदाहरण घ्या. तिचे वाण सहसा गोठवून ठेवत नाहीत, जिवंतच सांभाळतात. पंचवीस अंश तापमानाला दहा दिवसांत अंड्यापासून माशी होते, आणि जुन्या बाटलीतलं खाद्य आटायच्या आत नव्या बाटलीत माश्या हलवल्या नाहीत तर तो वाण संपतो. इंडियाना विद्यापीठाचं ब्लूमिंग्टन इथलं केंद्र असे हजारो वाण सांभाळतं. त्यासाठी सरकारी अनुदान असतं आणि माश्या मागवणाऱ्या प्रयोगशाळा शुल्क देतात. कोणी म्हणत नाही की वाण एकदा तयार झाला, आता पैसे कशाला. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात क्यूब नावाच्या उपक्रमात महाविद्यालयीन मुलं पिकलेल्या केळ्यावर फळमाश्या पकडून वाढवतात आणि त्यांच्यावर साधे, खरे प्रश्न घेऊन काम करतात. खर्च जवळजवळ नाही. लागते ती पाळी.

आमच्या प्रयोगशाळेतही तीन वाण आहेत. खिडकीजवळच्या भिंतीवर पाळीचा तक्ता लावलेला आहे: कोणत्या तारखेला कोणी बाटली बदलायची, दिवाळीच्या सुट्टीत बाटल्या कोण घरी नेणार. मागच्या वर्षीपासून त्याच तक्त्यात एक रकाना वाढवला. विभागाच्या सामाईक नोट्समधलं एक प्रकरण, आणि ते वाचून चुका लिहून काढणाऱ्याचं नाव. चुकांची वही खाली टेबलावर असते. पहिल्या पानावर लिहिलं आहे: ‘प्रकरण ४, बाभळीचं नाव जुनं. पृष्ठ ३१, अर्धसूत्री विभाजनाच्या आकृतीत दुसऱ्या टप्प्यात गुणसूत्रं एक जास्त.’ दोन्हींपुढे दुरुस्तीची तारीख आणि सही आहे. तिसरी नोंद द्वितीय वर्षाच्या एका मुलीची आहे, तिने प्रश्न विचारला आहे: ‘कांद्याचं कुल परीक्षेत कोणतं लिहायचं, जुनं की नवं?’ त्यावर अभ्यास मंडळाला पत्र पाठवलं आहे. उत्तर यायचं आहे. तोवर नोट्समध्ये दोन्ही कुलं दिली आहेत, वर्षांसकट, आणि या दिवाळीला पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांची बाटली तीच घरी नेणार आहे.